लॅपटॉप पडला तर

लॅपटॉप आता खेड्यापाड्यांतही आला आहे. कोणाच्या मुलीला कॉलेजसाठी घेतलेला असतो. कोणाच्या मुलाने नोकरी लागल्यावर आणलेला असतो. कुठे दूध डेअरीचा हिशेब त्यावर चालतो, कुठे बचत गटाचा. घरात इतकी महाग वस्तू दुसरी क्वचितच असते. पण ती ठेवायला धड टेबल नसते. कोणी खाटेवर ठेवतो, कोणी शिवणयंत्रावर, कोणी धान्याच्या कोठीवर. चार्जरची वायर खोलीच्या मधून गेलेली असते. पोर धावत येते, वायर पायात अडकते आणि लॅपटॉप खाली येतो.

किती वेगाने येतो? आम्ही मास्तर माणूस, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. टेबल पाऊण मीटर उंच असले, तर वस्तू खाली पोचायला अर्धा सेकंदही लागत नाही. जमिनीला लागते तेव्हा तिचा वेग ताशी जवळजवळ १४ किलोमीटर झालेला असतो. म्हणजे चांगल्या वेगात असलेली सायकल भिंतीवर आपटावी, तसा तो दणका असतो. दोन किलो वजनाच्या नाजूक यंत्राला तो पुष्कळच झाला.

पुढे घरात काय होते, ते तुम्ही पाहिलेच असेल. ज्याच्या हातून पडला त्याला बोलणी बसतात. मग कोणी तरी लॅपटॉप उचलतो आणि बटण दाबतो. चालू होत नाही. पुन्हा दाबतो. चार्जर लावून दाबतो. शेजारी येतो, तोही दाबून पाहतो. शेवटी सगळे म्हणतात, "गेला! आता सगळं गेलं!"

हे 'सगळं' म्हणजे काय? इथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. एक यंत्र, आणि दुसरा त्या यंत्रात ठेवलेला मजकूर. कपाट पडले आणि दार अडकले, म्हणून आतले कागद गेले असे कोणी म्हणत नाही. लॅपटॉपचेही तसेच आहे. यंत्र बाजारात दुसरे मिळते. मुलीने चार महिने खपून लिहिलेला प्रबंध, गटाचे तीन वर्षांचे हिशेब, गेलेल्या आजोबांचे फोटो मात्र बाजारात मिळत नाहीत. म्हणून लॅपटॉप पडला की पहिला विचार मजकुराचा करावा, यंत्राचा नंतर. आणि त्याच्याही आधी एक विचार करायचा असतो. तो घरातल्या माणसांचा.

माणसांचा कशासाठी? लॅपटॉपच्या पोटात बॅटरी असते, म्हणून. ही बॅटरी लिथियम-आयन जातीची असते. मोबाईलमध्येही हीच असते. १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने ती प्रथम बाजारात आणली. ती घडवणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना, म्हणजे जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना, २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शोध मोठाच आहे. लहानशा जागेत पुष्कळ वीज साठते. पण पुष्कळ वीज लहान जागेत कोंडली, की ती जपूनच हाताळावी लागते.

ह्या बॅटरीत दोन थर असतात आणि त्यांच्यामध्ये प्लास्टिकचा एक पातळ पापुद्रा असतो. हा पापुद्रा केसाहूनही पातळ असतो. दोन थरांना तो एकमेकांपासून दूर ठेवतो. दणक्याने बॅटरी चेपली आणि पापुद्रा फाटला, तर दोन्ही थर एकमेकांना भिडतात. मग आतल्या आत वीज वाहू लागते, बॅटरी तापते, फुगते, आणि कधी पेटते. हे लगेचच होते असे नाही. काही वेळाने, चार्जिंगला लावल्यावरही होऊ शकते.

म्हणून पडलेला लॅपटॉप उचलला की बटण दाबायचे नाही. चार्जरची पिन लावलेली असेल, तर आधी भिंतीवरचे बटण बंद करून चार्जर काढायचा. लॅपटॉप फरशीवर ठेवायचा आणि नुसते पाहायचे. कुठे फुगवटा आला आहे का? खालचे झाकण वर उचलले गेले आहे का? हाताला एकाच जागी गरम लागते का? गोडसर, उग्र असा औषधासारखा वास येतो का? यांतले काही जरी आढळले, तरी लॅपटॉप घराबाहेर उघड्या जमिनीवर ठेवावा. जवळ कडबा, गोणपाट, रॉकेल असे काही नसावे. धूर निघत असेल, तर मात्र त्याला हातही लावू नये. घरातल्या सर्वांना बाहेर काढावे आणि ११२ वर फोन करावा. फुगलेली बॅटरी टोचून 'हवा काढणारे' लोक आम्ही पाहिले आहेत. तो पुरीचा फुगा नव्हे.

असे काही नसेल, तर तासभर तो तसाच राहू द्यावा. तासाभराने काही बिघडत नाही. ती रात्र मात्र लॅपटॉप चार्जिंगला लावून कोणी झोपू नये.

आता तपासाकडे वळू. विहिरीवरचा पंप बंद पडला, तर शेतकरी काय करतो? तो लगेच "मोटर जळली" असे म्हणत नाही. आधी स्टार्टरचा दिवा पाहतो. दिवाच नसेल, तर वीज आलेली नाही, किंवा फ्यूज उडाला आहे. दिवा आहे, मोटर फिरल्याचा आवाज येतो, पण पाणी वर चढत नाही, तर फूटव्हॉल्व्हकडे संशय जातो. पाणी चढते, पण पिकापर्यंत पोचत नाही, तर पाइप कुठे तरी फुटला आहे. पंप 'बंद' आहे हे तिन्ही वेळा खरे, पण तीन बिघाड वेगळे, त्यांचे खर्च वेगळे आणि उपायही वेगळे.

लॅपटॉपही असाच पाहावा. पहिला प्रश्न: दिवा लागतो का? दुसरा: दिवा लागतो, पंख्याचा आवाज येतो, पण पडदा काळा आहे का? तिसरा: पडद्यावर अक्षरे येतात, पण नेहमीचे चित्र येत नाही, असे आहे का? ह्या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याला देता येतात, त्याने निम्मा तपास केला. ह्यासाठी इंजिनियर व्हावे लागत नाही. डोळे, कान आणि थोडा धीर पुरतो.

पहिला प्रश्न घेऊ. दिवाच लागत नाही. मग वीज कुठे अडली ते शोधायचे. ज्या बोर्डात चार्जर लावला, त्या बोर्डात वीज आहे का? तिथे मोबाईल लावून पाहावा. हसू नका. लोडशेडिंगच्या वेळी लॅपटॉप 'मेला' म्हणून तालुक्याला नेलेली माणसे आहेत. बोर्ड ठीक असेल, तर चार्जर पाहावा. लॅपटॉपबरोबर चार्जरची डबीही आपटलेली असते, ताणाने वायर आतून तुटलेली असते.

चार्जरवर बारीक अक्षरांत एक चिठ्ठी असते. ती वाचायला शिकावे. तिच्यावर 'इनपुट' आणि 'आउटपुट' असे दोन शब्द असतात. इनपुट म्हणजे भिंतीतून आत येणारी वीज. आपल्या घरात ती सुमारे २३० व्होल्ट असते. आउटपुट म्हणजे लॅपटॉपकडे जाणारी वीज. ती बहुतेक १९ किंवा २० व्होल्टच्या आसपास असते. वायरमनकडे मीटर असते. त्याने चार्जरच्या टोकाला मीटर लावले आणि चिठ्ठीवरचा आकडा आला, तर चार्जर शाबूत आहे असे समजायला हरकत नाही. आकडा शून्य आला, तर चोर सापडला, आणि तो स्वस्तातला निघाला.

दुसऱ्याचा चार्जर लावून पाहायचा असेल, तर आउटपुटचे व्होल्ट दोन्हींवर सारखे आहेत का, हे आधी वाचावे. पिन बसते म्हणून चार्जर चालतो, असे नाही. नव्या लॅपटॉपांना मोबाईलसारखीच चपटी टाइप-सी पिन असते. मोबाईलचा चार्जर तिथे बसतो. पण अशा लॅपटॉपला बहुधा ४५ किंवा ६५ वॅटचा चार्जर लागतो. मोबाईलच्या लहान चार्जरने त्याचे पोट भरत नाही. तेवढ्यावरून लॅपटॉप बिघडला असे ठरवू नये.

चार्जरही ठीक निघाला, तर पिन जिथे जाते ते भोक पाहावे. लॅपटॉप पडताना चार्जर लावलेला असेल आणि नेमका तोच कोपरा जमिनीला लागला असेल, तर पिन आतला सांधा हलवते. पिन थोडी हलवल्यावर दिवा लागतो-विझतो का? तसे असेल, तर बिघाड त्या सांध्यात आहे. तो दुरुस्त होतो. पण पिन हलवत हलवत लॅपटॉप वापरत राहू नये. सैल सांध्याशी ठिणगी उडते.

शेवटी एक साधा उपाय करून पाहावा. चार्जर काढावा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल, तर तीही काढावी. मग चालू करायचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. आत अडकून राहिलेली थोडीशी वीज त्याने निघून जाते. मग बॅटरी न लावता नुसता चार्जर जोडून एकदा चालू करून पाहावे. चालू झाला, तर बॅटरीवर संशय घ्यावा. पडल्यावर गोंधळलेली यंत्रे ह्या उपायाने कधी कधी शुद्धीवर येतात. नेहमी येतातच असे नाही. एकदा करून पाहावे आणि थांबावे.

आता दुसरा प्रश्न. दिवा लागतो, पंखा घरघरतो, पडदा मात्र काळा. इथे लोकांचा धीर सर्वांत जास्त सुटतो. खरे तर लॅपटॉप जिवंत असल्याची ही खूण आहे. अंधाऱ्या खोलीत जावे आणि पडद्यावर तिरपा टॉर्च मारावा. अंधूक चित्र दिसले, तर फक्त पडद्यामागचा उजेड गेला आहे. पडद्यावर शाईचा डाग पसरावा तसे काळे दिसले, किंवा उभ्या-आडव्या रेघा आल्या, तर काच आतून फुटली आहे. घरात नवा टीव्ही असेल, तर लॅपटॉप वायरने त्याला जोडावा. ह्या वायरीला एचडीएमआय म्हणतात. मग विंडोजची खूण असलेली कळ दाबून धरून 'पी'ची कळ दाबावी. टीव्हीवर चित्र आले, तर आनंदच. पडदा गेला, बाकी सर्व शाबूत आहे. टीव्हीवर पाहत पाहतच आपला मजकूर आधी पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावा.

आणखी एक गंमत सांगतो. लॅपटॉप मिटला की पडदा विझतो, हे यंत्राला कसे कळते? झाकणात एक लहान लोहचुंबक असते आणि खालच्या अंगात ते ओळखणारा भाग असतो. पडल्याने ह्यांतले काही जागचे हलले, तर झाकण उघडे असूनही यंत्राला ते मिटलेलेच वाटते, आणि पडदा काळा राहतो. दुरुस्ती करणाऱ्याला हे सांगून ठेवलेले बरे. घाईच्या दिवसांत तोही विसरतो.

टीव्हीवरही काही आले नाही, तर रॅमचा विचार करावा. रॅम म्हणजे लॅपटॉपची काम करतानाची पाटी. ही बोटभर लांबीची एक हिरवी पट्टी असते. तिच्या कडेला दोनशेच्या वर सोनेरी दात असतात. ते दात एका खाचेत बसतात आणि दोन बाजूंच्या दोन चिमट्या तिला धरून ठेवतात. दणक्याने चिमटी सुटली, की पट्टी किंचित वर येते. तेवढ्याने यंत्र मुके होते. दिवा लागतो, पंखा फिरतो, पुढे काही नाही. काही बनावटींत अशा वेळी 'बीप' असा आवाज ठरावीक वेळा येतो. काहींत कॅप्स लॉकचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो. ही यंत्राची तक्रार सांगण्याची भाषा आहे. किती वेळा वाजले, किती वेळा लुकलुकले, ते मोजून कागदावर लिहावे. त्या आकड्यावरून जाणकाराला बिघाडाची जागा कळते.

आमच्या प्रौढ वर्गाला येणाऱ्या एक बाई गावातल्या बचत गटाच्या अध्यक्ष आहेत. गटात चौदा बायका. हिशेब त्यांची सून लॅपटॉपवर लिहिते. वहीत लिहिणे तीन वर्षांपूर्वीच बंद झाले होते. एके दिवशी लॅपटॉप कोठीवरून पडला. आठ दिवसांनी बँकेत कर्जाचे कागद द्यायचे होते. तालुक्याच्या दुकानात नेला. दुकानदाराने बटण दाबून पाहिले आणि चिठ्ठी लिहून दिली: मदरबोर्ड बदलणे, चौदा हजार रुपये. आणि वर म्हणाला, "आतलं काही राहील याची गॅरंटी नाही."

बाई वर्गात आल्या त्या रडवेल्या होऊन. म्हणाल्या, "गुरुजी, चौदा बायकांनी माझ्या तोंडाकडं बघून पैसं भरल्यात. आता कुणाचं किती, हे कशावरून सांगू?" आम्ही त्यांना वर सांगितलेले तीन प्रश्न विचारले. त्या म्हणाल्या, "दिवा लागतो की! पंखापण वाजतो. पडदा तेवढा काळा. आणि 'टूं टूं' करतंय." म्हणजे वीज येत होती, आणि यंत्र काही तरी सांगत होते. शेजारच्या गावात आयटीआय झालेला एक मुलगा अशी कामे करतो. त्याला बोलावले. त्याने चार्जर काढला, खालचे झाकण उघडले आणि आधी बॅटरीची जोडणी सोडवली. स्क्रू निघतील तसे ताटात ओळीने मांडत गेला. आम्ही विचारले, "असे का रे?" तो म्हणाला, "गुरुजी, स्क्रूची लांबी सारखी नसते. लांब स्क्रू आखूड जागी बसवला, तर खालची पाटी फुटते." मग त्याने एका लोखंडी वस्तूला हात लावला. अंगावर साठलेली वीज त्याने निघून जाते. नाही तर तिचा चटका रॅमला बसतो. रॅमची पट्टी एका बाजूने उचललेली आम्हांलाही दिसली. त्याने ती काढली, पुसली, तिरपी खाचेत घातली आणि खाली दाबली. 'टक्' असा आवाज झाला. लॅपटॉप चालू झाला. चालू होताच त्याने पहिले काम केले, ते गटाचे हिशेब पेनड्राइव्हवर उतरवण्याचे. मग चहा घेतला.

तो दुकानदार लबाड होता, असे आम्ही म्हणत नाही. त्याने उघडून पाहिले नव्हते, एवढेच. त्याच दुकानात दुसऱ्या एकाच्या लॅपटॉपचा मदरबोर्ड खरोखर तडकलेला निघाला होता, आणि तो त्याने आमच्यासमोर दाखवला. मदरबोर्ड म्हणजे ज्या मोठ्या पाटीवर बाकीचे सगळे भाग बसतात, ती पाटी. ती तडकू शकते. पण ते निदान सगळ्यांत शेवटी यावे, पहिल्या मिनिटाला येऊ नये. आणि एक सांगतो. अनेक नव्या, पातळ लॅपटॉपांत रॅम पाटीवरच कायमची जोडलेली असते. तिथे हा 'टक्' नाही. उघडण्याचे काम कधी केले नसेल, तर ते आपण करू नये. वॉरंटी शिल्लक असेल, तर मुळीच नाही. उघडल्याची खूण दिसली, की वॉरंटीवर वाद सुरू होतो. तशी साध्या वॉरंटीत पडझड बहुधा धरतच नाहीत. त्यासाठी वेगळा विमा घ्यावा लागतो. तो घेतला होता का, हे बिलाच्या कागदांत पाहावे.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. पडदा उजळतो, कंपनीचे नाव येते, आणि मग काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरे येतात: 'नो बूटेबल डिव्हाइस' किंवा अशाच अर्थाचे काही. याचा अर्थ, लॅपटॉपला आपली डिस्क सापडत नाही. डिस्क म्हणजे मजकूर ठेवण्याची कोठी. ती दोन प्रकारची असते. बिलावर एसएसडी लिहिले असेल, तर तिच्यात हलणारा भाग नाही, आणि पडण्याने तिचे सहसा फारसे बिघडत नाही. फार तर तीही रॅमसारखी जागची सुटते. बिलावर एचडीडी लिहिले असेल, तर ती जुन्या पद्धतीची हार्डडिस्क आहे, आणि तिच्याबाबतीत फार जपावे लागते. कारण समजून घ्या.

हार्डडिस्कच्या आत ग्रामोफोनच्या तबकडीसारखी चकचकीत तबकडी असते. लॅपटॉपमध्ये ती बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते. छताचा पंखा मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फिरतो, त्यावरून कल्पना करा. ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकलेली असते. इथली सुई टेकत नाही, ती तबकडीवर तरंगते. दोघींमधले अंतर केसाच्या जाडीच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतके, किंवा त्याहूनही कमी असते. अशा वेळी दणका बसला, तर सुई तबकडीवर आपटते आणि ओरखडा काढते. जिथे ओरखडा, तिथला मजकूर गेला. लॅपटॉप बंद असताना मात्र सुई तबकडीवरून उचलून बाजूच्या कट्ट्यावर ठेवलेली असते. म्हणून बंद लॅपटॉप पडणे आणि चालू लॅपटॉप पडणे ह्यांत फार फरक आहे. चालू असताना डिस्क जेवढा हिसका सोसते, त्याच्या दुपटीहून अधिक ती बंद असताना सोसते, असे बनवणाऱ्यांच्या पत्रकांत आकड्यांनिशी दिलेले असते. २००३ साली आयबीएम कंपनीने आपल्या थिंकपॅड लॅपटॉपांत पडण्याचा हिसका ओळखून सुई आधीच थांबवण्याची सोय केली. आम्ही वर काढलेला अर्धा सेकंद यंत्राला पुरतो. आपल्याला हात पुढे करायलाही तो पुरत नाही.

म्हणून कान लावून ऐकावे. बारीक सरसर आवाज असेल, तर डिस्क फिरते आहे. पण 'टक्... टक्... टक्' असा ठरावीक ठोका येत असेल, किंवा घासल्यासारखे वाजत असेल, तर त्याच क्षणी लॅपटॉप बंद करावा आणि पुन्हा चालू करू नये. कितीही मोह झाला, तरी नाही. सुई वाकली असेल, तर आपण जितक्या वेळा बटण दाबू, तितक्या वेळा ती तबकडी खरवडते. सकाळी थोडा ओरखडा असतो. दिवसभर सगळ्यांनी बटण दाबून पाहिले, की संध्याकाळी काही उरत नाही. 'एकदा बघू तरी' म्हणून दाबलेल्या बटणानेच लोकांचा मजकूर गेलेला आहे. डिस्क फ्रिजमध्ये ठेवली की चालते, असेही कोणी सांगतील. ऐकू नये. बाहेर काढल्यावर तिच्यावर दव धरते.

अशी डिस्क तालुक्याच्या दुकानात उघडायची नसते. धुळीचा एक कण त्या सुईपुढे दगडासारखा असतो. धूळ नसलेल्या खास खोलीत ती उघडतात, आणि त्याला पुष्कळ पैसे पडतात. मजकूर तेवढ्या मोलाचा आहे का, हे घरातल्यांनी बसून ठरवावे. ठोका येत नसेल, डिस्क नुसती सापडत नसेल, तर काम सोपे असते. ती काढून, पेटीत घालून, दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडतात आणि मजकूर उतरवून घेतात. नव्या विंडोजमध्ये डिस्कला कधी कधी आपोआप कुलूप लागलेले असते. त्याची किल्ली म्हणजे ४८ आकडे. ते आकडे सहसा ज्या ईमेलने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला, त्या खात्यात मिळतात. आता गंमत अशी, की लॅपटॉप विकत घेताना पुष्कळांचे खाते दुकानदारच उघडून देतो, आणि ते कोणत्या नावाने उघडले हे घरात कोणालाच ठाऊक नसते. आजच विचारून वहीत लिहून ठेवा.

दुकानात जाताना काही गोष्टी पक्क्या कराव्यात. मजकूर हवा असेल, तर देतानाच सांगावे, "आधी मजकूर उतरवून घ्या, मगच दुरुस्ती करा." नाही तर दुकानदार भल्या हेतूने विंडोज नव्याने भरतो, आणि आतला मजकूर पुसला जातो. पावती घ्यावी. पावतीवर लॅपटॉपचा क्रमांक असावा, खर्चाचा अंदाज असावा. "विचारल्याशिवाय याच्यावर खर्च करू नये" असे लिहून घ्यावे. भाग बदलला, तर जुना भाग मागावा. दुकानदाराला राग आला, तर येऊ द्या. जुनी बॅटरी मात्र घरी आणून कचऱ्यात टाकू नये, ती ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यावी. लुबाडणूक झाली असे वाटले, तर ग्राहकांसाठी १९१५ हा सरकारी फोन आहे. त्यावर तक्रार नोंदवताना पावती हाताशी असावी लागते.

आणि जाताना एक चिठ्ठी लिहून न्यावी. तोंडी सांगायला गेले, की माणूस घाबरतो, "पडला आणि बंद झाला" एवढेच सांगतो. चिठ्ठी अशी असावी:

'लॅपटॉप मंगळवारी रात्री टेबलावरून पडला. पडताना चालू होता, चार्जर लावलेला होता. मागचा डावा कोपरा लागला. बॅटरी फुगलेली नाही, वास नाही. दिवा लागतो, पंखा फिरतो. पडदा काळा. टॉर्चने चित्र दिसत नाही. टीव्हीला जोडून पाहिले, आले नाही. तीनदा बीप वाजतो, मग थांबतो. डिस्कचा ठोका येत नाही. दोनदाच चालू करून पाहिला आहे. आतला मजकूर हवा आहे.'

दहा-अकरा ओळी आहेत. एवढे लिहायला आता तुम्हांला अवघड नाही. चिठ्ठीच्या दोन प्रती कराव्यात, एक दुकानात द्यावी, दुसरीवर दुकानदाराची सही घ्यावी.

पुढच्या वर्गाला येताना घरातल्या कोणत्याही एका चार्जरवरचे इनपुट आणि आउटपुटचे आकडे वाचून वहीत उतरवून आणा. अक्षरे फार बारीक आहेत. उन्हात धरून वाचा, किंवा नातवाकडून मोबाईलवर त्याचा फोटो काढून मोठा करून घ्या. आकडे मात्र तुम्हीच वाचा.